हवेत फिरणारा हात आणि रस्त्यावरून हटणारी नजर : गाडीतली नवी बटणे किती सुरक्षित?

गेल्या महिन्यात माझे एक जुने रुग्ण दवाखान्यात आले. वय ५८, बारा वर्षांपासून मधुमेह. रिपोर्ट बघून झाले, गोळ्या लिहून झाल्या आणि उठता उठता त्यांनी विचारले, "डॉक्टर, एक शंका आहे. मुलाने नवी गाडी घेतलीय. फोन आला की पडद्यासमोर नुसता हात झटकायचा, फोन कट होतो. मुलाने केलं की होतो, माझ्याने होत नाही. तीन-तीनदा हात हलवावा लागतो. बिघाड गाडीत आहे की माझ्या हातात?"

मी त्यांना डावा हात पुढे करून वर उचलायला सांगितला. हात खांद्याच्या पातळीला जाऊन अडकला आणि चेहऱ्यावर कळ दिसली. हे दुखणे चार महिन्यांपासून होते, पण 'वयामुळे असेल' म्हणून त्यांनी मला सांगितले नव्हते. म्हणजे फ्रोजन शोल्डरची पहिली तक्रार माझ्याऐवजी गाडीच्या कॅमेऱ्याकडे झाली होती!

मग मी त्यांना दुसरा प्रश्न विचारला, "हात हलवताना तुम्ही बघत कुठे असता?"

ते थोडा वेळ थांबले. म्हणाले, "पडद्याकडे. फोन कट झाला की नाही ते बघायला."

खरा धोका या उत्तरात आहे. हाताच्या इशाऱ्यावर चालणारी यंत्रणा 'नजर रस्त्यावरच राहावी' म्हणून आणली गेली. प्रत्यक्षात ती नजर रस्त्यावर ठेवते का? जगभरात सध्या हाच प्रश्न विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या घरातल्या गाडीशी आणि आपल्या तब्येतीशीही जोडलेले आहे.

सध्या चर्चेत काय आहे?

२०१५ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या सेव्हन सिरीज गाडीत हाताच्या इशाऱ्यांची सोय दिली. हवेत बोट गोल फिरवले की आवाज कमी-जास्त, बोट पुढे केले की फोन घेतला जातो, हात बाजूला झटकला की फोन नाकारला जातो. पुढे फोक्सवॅगनच्या गोल्फमध्ये आणि मर्सिडीजच्या काही गाड्यांमध्येही हात ओळखणाऱ्या यंत्रणा आल्या. याच काळात दुसरा एक बदल झपाट्याने झाला. डॅशबोर्डवरची बटणे आणि गोल फिरवायच्या खुंट्या नाहीशा झाल्या आणि त्यांची जागा मोठ्या टचस्क्रीनने घेतली. एसी, पंखा, काचेवरचे धुके घालवणारे बटण, काही गाड्यांत तर वायपरचा वेगसुद्धा पडद्याच्या आत गेला.

आता वारे उलट्या दिशेने वाहू लागले आहे. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासून आपले निकष बदलले. इंडिकेटर, धोक्याचे चारही दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचा कॉल या मूलभूत गोष्टींसाठी हाताला लागेल असे खरेखुरे बटण किंवा दांडी असावी, नाहीतर गाडीचे गुण कमी होतील, अशी तिची भूमिका आहे. हा कायदा नाही, पण पाच तारे हवे असतील तर कंपन्यांना त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. फोक्सवॅगनचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे मान्य केले की महत्त्वाची बटणे काढून टाकणे ही चूक होती आणि पुढच्या गाड्यांत ती परत येतील. बीएमडब्ल्यूनेही आपल्या काही नव्या मॉडेल्समधून हाताच्या इशाऱ्यांची सोय वगळली आहे.

कंपन्या आपला निर्णय फिरवत आहेत, यामागे बटणांची हौस नाही. माणसाचा डोळा, हात आणि मेंदू ज्या पद्धतीने काम करतात, त्याला पडदा आणि हवेतला इशारा या दोन्ही गोष्टी पूर्णपणे जुळत नाहीत, हे त्याचे कारण आहे.

ही यंत्रणा चालते कशी?

गाडीच्या छतात किंवा आरशाजवळ एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि हातावरून परत आलेल्या प्रकाशावरून हात किती लांब आहे, बोटे किती उघडी आहेत, हात कोणत्या दिशेने चालला आहे हे मोजतो. संगणक ही हालचाल आधी साठवलेल्या नमुन्यांशी ताडून बघतो. जुळली तर काम होते, नाही जुळली तर काहीच होत नाही.

यात दोन प्रकारच्या चुका होतात. डॉक्टरांना त्या चांगल्या परिचयाच्या आहेत, कारण लॅबच्या चाचण्यांतही त्याच होतात. पहिली, तुम्ही इशारा केला पण यंत्राने ओळखला नाही. दुसरी, तुम्ही इशारा केलाच नाही, पण यंत्राला वाटले केला. गप्पा मारताना हातवारे करायची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. बोलण्याच्या भरात हात उठला आणि गाण्याचा आवाज एकदम वाढला, तर चालक दचकतो. दचकण्याचा तो क्षण घाटातल्या वळणावर आला तर काय होईल, याचा विचार करा.

लक्ष विचलित होते म्हणजे नेमके काय होते?

गाडी चालवताना लक्ष तीन प्रकारे विचलित होते.

१. नजरेचे : डोळे रस्त्यावरून हटतात.
२. हाताचे : हात स्टिअरिंगवरून सुटतो.
३. मनाचे : डोळे रस्त्यावर असतात, हात स्टिअरिंगवर असतो, पण मेंदू दुसरीकडे असतो.

जुन्या पद्धतीची गोल खुंटी फिरवताना तुमचा हात थोडा वेळ स्टिअरिंगवरून सुटतो, पण डोळे हटत नाहीत. कारण आपल्या स्नायूंत आणि सांध्यांत स्थितीची जाणीव करून देणाऱ्या संवेदना असतात. अंधारात घास तोंडातच जातो, तो याच संवेदनांमुळे. खुंटी कुठे आहे हे हाताला पाठ झालेले असते, बोटांना तिचा आकार कळतो आणि फिरवताना होणारी 'टक' अशी जाणीव मेंदूला सांगते, काम झाले. डोळ्यांनी खात्री करावी लागत नाही.

टचस्क्रीन काचेसारखी गुळगुळीत असते. कोणते चित्र कुठे आहे हे बोटाला कळत नाही, म्हणून बघावेच लागते. हवेतल्या इशाऱ्यात तर स्पर्शच नाही. इशारा बरोबर झाला का, यंत्राने ओळखला का, हे कळायला एकच मार्ग उरतो : पडद्याकडे बघणे. माझ्या रुग्णाने अगदी तेच केले. यात त्यांचा दोष नव्हता. हाताकडून 'झाले' असा निरोप आला नाही, तर तो निरोप मिळवायला मेंदू डोळ्यांना पाठवतोच.

आता थोडा हिशेब करू. दोन सेकंद नजर खाली गेली, तर तेवढ्या वेळात गाडी न बघता किती अंतर जाते?

- ताशी ५० किलोमीटर वेगाने : सुमारे २८ मीटर
- ताशी ८० किलोमीटर वेगाने : सुमारे ४४ मीटर
- ताशी १०० किलोमीटर वेगाने : सुमारे ५६ मीटर
- ताशी १२० किलोमीटर वेगाने : सुमारे ६७ मीटर

समृद्धी महामार्गावर कारसाठी १२०ची मर्यादा आहे. म्हणजे तिथे पडद्यावर दोन सेकंद घालवणे हे डोळे मिटून ६७ मीटर गाडी चालवण्यासारखे आहे. त्यानंतर नजर वर आली आणि समोर थांबलेला ट्रक दिसला, तरी पाय ब्रेकवर जायला आणखी सेकंद-दीड सेकंद लागतो. त्यात आणखी ३३ ते ५० मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगळेच.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत व्हर्जिनिया टेक संस्थेने १०० गाड्यांत कॅमेरे बसवून लोक रोजच्या रस्त्यावर कशी गाडी चालवतात याचा अभ्यास केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की सुमारे ८० टक्के धडकांमध्ये, धडकेच्या आधीच्या तीन सेकंदांत चालकाचे लक्ष रस्त्यावर नव्हते. नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ हटली, की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका सुमारे दुप्पट होत होता. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि एक काम पूर्ण करायला नजरेचे एकूण १२ सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, असे त्यांत म्हटले आहे.

२०२२ मध्ये 'वी बिलागारे' या स्वीडिश वाहन मासिकाने एक साधी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने चालताना एसी, रेडिओ यांसारखी चार नेहमीची कामे करायला किती वेळ लागतो? २००५ सालच्या, बटणे असलेल्या जुन्या व्होल्वोमध्ये ती १० सेकंदांत झाली. टचस्क्रीन असलेल्या एका आधुनिक गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले. तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरहून अधिक पुढे गेली होती.

ब्रिटनमधल्या टीआरएल या संस्थेने २०२० मध्ये सिम्युलेटरवर अभ्यास केला. टचस्क्रीनवर फोनची ॲप चालवणाऱ्यांची प्रतिक्रिया पन्नास टक्क्यांहून अधिक मंदावली होती. तिथल्या कायद्याच्या मर्यादेइतके मद्य घेतलेल्यांच्या बाबतीत हाच आकडा १२ टक्के आहे. अभ्यास छोटा होता आणि वेगवेगळ्या अभ्यासांतल्या आकड्यांची तुलना जपूनच करावी. पण 'मी काही पिऊन गाडी चालवत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा.

मग तोंडी आज्ञा देणे सुरक्षित आहे का? हातापेक्षा बरे, पण पूर्ण सुरक्षित नाही. युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या गटाला २०१५ मध्ये आढळले की काही किचकट यंत्रणांशी बोलणे संपल्यावरही लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागतो. मनाचे विचलित होणे ते हेच. डोळ्यांसमोर सिग्नल असतो, पण तो 'दिसत' नाही.

जर्मनीत तर हा विषय न्यायालयात गेला. पावसात वायपरचा वेग टचस्क्रीनवरून बदलताना एका टेस्ला चालकाची गाडी रस्ता सोडून गेली. २०२० मध्ये कार्ल्सरूहच्या उच्च न्यायालयाने त्याचा दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम ठेवली. पडदा गाडीतच बसवलेला असला, तरी नजर हटवणारे ते एक इलेक्ट्रॉनिक उपकरणच आहे, असा त्याचा अर्थ.

मग हाताचे इशारे वाईटच का?

एकतर्फी बोलणे बरोबर नाही. पडद्यावर नेमक्या जागी बोट ठेवण्यापेक्षा हवेत ढोबळ इशारा करणे काही कामांसाठी सोपे असते. मोजके दोन-तीन इशारे असतील, ते एकमेकांपेक्षा अगदी वेगळे असतील आणि ओळखल्यावर गाडी छोटा आवाज करून पोच देत असेल, तर नजर कमी हटते. संशोधन त्याच दिशेने चालू आहे. २०२० मध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि जॅग्वार लँड रोव्हर यांनी अशी यंत्रणा दाखवली, की बोट पडद्यापर्यंत पोहोचायच्या आधीच चालकाला काय दाबायचे आहे याचा ती अंदाज घेते. त्यामुळे लागणारे श्रम आणि वेळ निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो, असा त्यांचा दावा होता. अल्ट्रासाउंड लहरींनी हवेतच बोटांना स्पर्शाचा भास देण्याचे तंत्रही विकसित होत आहे.

काही अपंग व्यक्तींना, ज्यांच्या बोटांत बटण दाबायची ताकद नाही त्यांना, अशा सोयींचा खरा उपयोग होऊ शकतो. म्हणून प्रश्न 'इशारे हवेत की नकोत' असा नाही. ते कोणत्या कामासाठी आहेत, आणि त्याच कामासाठी बटणही आहे का, हा प्रश्न आहे. गाण्याचा आवाज कमी झाला नाही तर काही बिघडत नाही. वायपर चालू झाला नाही तर बिघडते.

हे मी अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये ताम्हिणी घाटात माझ्या स्वतःच्या गाडीची समोरची काच आतून धुक्याने भरली. धुके घालवायची सोय पडद्यावर होती, पण दुसऱ्या पानावर. मी ते पान शोधत होतो तेवढ्यात बायको ओरडली. समोर दुचाकीवर दोघे होते, रेनकोट घातलेले. ब्रेक वेळेत लागला म्हणून हा लेख लिहितो आहे. घरी आल्यावर पहिले काम हे केले की गाडी उभी असताना दहा वेळा ते पान उघडायचा सराव केला. हा सराव गाडी घेतली त्याच दिवशी करायला हवा होता.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

आपल्याकडे गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे असते, त्यामुळे पडद्याचे आणि इशाऱ्यांचे काम डाव्या हाताकडे येते. बहुतेकांचा हा कमी सरावाचा हात. शिवाय गाडी गिअरची असेल तर गिअरही हाच हात बदलतो. त्यात पुढीलपैकी काही त्रास असेल, तर धोका वाढतो.

चाळिशीनंतरची नजर : चाळिशीनंतर डोळ्यांतल्या भिंगाची लवचिकता कमी होते. दूरचा रस्ता स्पष्ट दिसतो, पण हातभर अंतरावरचा पडदा अंधूक दिसतो. छोटी अक्षरे वाचायला जास्त वेळ लागतो, म्हणजेच नजर जास्त वेळ खाली राहते. गाडी चालवताना कोणता चष्मा योग्य, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

मोतीबिंदू : रात्री उजळ पडदा आणि समोरून येणारे दिवे यांनी डोळे दिपतात. पडद्याचा उजेड रात्री कमी ठेवा. संध्याकाळी गाडी चालवणे अवघड वाटू लागले, तर तपासणी पुढे ढकलू नका.

मधुमेह : मधुमेहींमध्ये फ्रोजन शोल्डर इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. नसांवर परिणाम झाला असेल तर बोटांची आणि पायांची संवेदना कमी होते. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने कमी करू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर गाडी चालवण्याआधी साखर तपासा. ती ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आधी काही खा. साखर खाली जाते तेव्हा हात थरथरतो, गोंधळ उडतो, साधे बटणही सापडत नाही. नेहमीची गोष्ट अचानक जमेनाशी झाली, तर गाडीला दोष देण्याआधी ती बाजूला घ्या आणि साखर तपासा.

हाताची थरथर : काहींचा हात पुढे केल्यावरच थरथरतो. नेमकी हीच स्थिती इशारा करताना असते. पार्किन्सन्समध्ये हालचाल सावकाश आणि छोटी होते, त्यामुळे यंत्र ती ओळखत नाही. दम्याच्या काही औषधांनीही तात्पुरती थरथर येते.

मान, मनगट, बोटांचे सांधे : स्पॉन्डिलोसिस किंवा संधिवातात हात वारंवार उचलणे, मान खाली-वर करणे त्रासाचे असते. वेदना हेसुद्धा लक्ष विचलित होण्याचे मोठे कारण आहे.

झोप आणणारी औषधे : सर्दी-खोकल्याची काही सिरप, ॲलर्जीच्या काही गोळ्या, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या यांनी प्रतिक्रिया मंदावते. मेडिकलमधून परस्पर औषध घेताना 'मला गाडी चालवायची आहे' हे सांगाच.

यापैकी काही असले म्हणजे गाडी चालवू नये, असे नाही. आपल्या शरीराला कोणती गोष्ट जड जाते हे ओळखून गाडीची मांडणी त्याप्रमाणे करावी, इतकेच.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातल्या किती अपघातांत पडद्याचा हात होता, हे कागदावर उमटत नाही. अपघातानंतर चालक 'मी एसी कमी करत होतो' असे सांगत नाही आणि पंचनाम्यात 'अतिवेग' लिहिले जाते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्क साधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात धरला गेला. रस्ता शोधण्यासाठी मोबाइल वापरायची मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. कायद्याचा रोख हातातल्या मोबाइलवर आहे. गाडीतच बसवलेल्या पडद्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये धडकेत मोठ्यांचे आणि मुलांचे किती संरक्षण होते, तसेच सुरक्षेला मदत करणारी कोणती तंत्रे गाडीत आहेत, याला तारे मिळतात. दरम्यान आपल्या बाजारातही डॅशबोर्डभर पडदे असलेल्या गाड्या आल्या आहेत. पाच तारे असलेली गाडी धडकेत तुम्हाला वाचवेल, पण धडकच होऊ नये यासाठी पडद्याची रचना कशी आहे, हे तूर्त ग्राहकानेच बघायला हवे.

आणखी एक फरक आहे. युरोपातल्या महामार्गावर अचानक समोर येते ती दुसरी कार. आपल्या रस्त्यावर समोर येते ती उलट्या बाजूने येणारी दुचाकी, शाळेतून परतणारी मुले, रात्री बिनदिव्याचा उसाचा ट्रॅक्टर किंवा वारीला निघालेली माणसे. आपल्याकडे दोन सेकंदांची किंमत जास्त आहे, आणि बरेचदा ती गाडीबाहेरच्या माणसाला मोजावी लागते.

तुम्ही काय करू शकता?

*गाडी घेताना*

- चाचणीसाठी गाडी चालवायच्या आधी, ती उभी असताना पाच गोष्टी न बघता करून पाहा : वायपर, काचेवरचे धुके घालवणे, धोक्याचे दिवे, एसीचा पंखा, आवाज कमी करणे. हाताला सापडत नसतील, तर विक्रेत्याला थेट विचारा.
- घरात जो जास्त गाडी चालवणार आहे आणि ज्याचे वय जास्त आहे, त्यालाही हे करायला लावा. फक्त मुलाच्या हाताने गाडी पारखू नका.
- हाताचे इशारे बंद करता येतात का, ते विचारा.

*निघण्यापूर्वी*

- रस्त्याचा नकाशा, एसी, गाणी, आरसे, सीट हे सगळे गाडी उभी असतानाच लावा.
- फोनवर 'ड्रायव्हिंग' मोड चालू करा.
- इशारे वारंवार चुकत असतील तर ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. स्टिअरिंगवरची बटणे वापरा.

*चालवताना*

- एकदा इशारा ओळखला गेला नाही, तर पुन्हा करू नका. सोडून द्या. दुसरा आणि तिसरा प्रयत्न सर्वांत धोक्याचा, कारण तोवर चिडचिड झालेली असते आणि नजर पडद्यावर अडकलेली असते.
- पडद्याचे काम शेजारी बसलेल्यावर सोपवा.
- एकटे असाल तर सुरक्षित जागी थांबा. महामार्गाच्या कडेला नव्हे, तर पेट्रोलपंप किंवा विश्रांतीच्या ठिकाणी.

*घरच्यांनी*

- माणूस गाडी चालवत आहे हे माहीत असताना फोन करू नका. 'कुठपर्यंत आलास?' हा प्रश्न प्रेमाचा असतो, पण तो चुकीच्या क्षणी पोहोचतो.
- 'बाबांना नवीन काही जमत नाही' अशी थट्टा करू नका. एखादी हालचाल जमेनाशी होणे हे आजाराचे पहिले लक्षण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

अपघात झालेला दिसला तर १०८ किंवा ११२ वर फोन करा. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शक्यता असेल तर आग किंवा दुसरा तातडीचा धोका असल्याशिवाय जखमीला ओढून हलवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा. प्रामाणिकपणे मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४अ नुसार संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने मागे हटू नका.

शेवटी त्या रुग्णाबद्दल

त्यांच्या खांद्यासाठी फिजिओथेरपी सुरू केली. सहा आठवड्यांनी हात बऱ्यापैकी वर जाऊ लागला, साखरही आटोक्यात येत आहे. मी गमतीने विचारले, "आता गाडी ऐकते का हाताचं?"

ते म्हणाले, "मुलाला सांगून ते बंदच करून टाकलं, डॉक्टर. आता चालवताना फोन आला की वाजू देतो. घरी पोहोचल्यावर मीच उलट फोन करतो."

आत्तापर्यंत निघालेल्या कुठल्याही यंत्रणेपेक्षा हा उपाय चांगला आहे. त्याला पैसे लागत नाहीत आणि तो प्रत्येक गाडीत चालतो.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजारात आणि औषधे चालू असताना गाडी चालवणे योग्य आहे की नाही, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.*